पाण्याचा कस

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. हल्ली ते फारसे कानांवर येत नाही; कारण ज्या भांड्यांच्या पोटी ते जन्मले ती भांडी आता माळ्यावर तरी गेली आहेत, नाही तर दिवाणखान्यात शोभेला उभी आहेत. पूर्वी पितळेच्या पातेल्यात ताक राहिले किंवा कल्हई उडालेल्या तपेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली, की सकाळी घरातली वडीलधारी बाई बोटावर थेंब घेऊन जिभेला लावी आणि म्हणे, “कळकलंय ग, ओतून टाक.” आंबटाने भांड्याचा धातू विरघळला, तो पदार्थात उतरला, पोटात गेला तर मळमळेल, हे सारे रसायनशास्त्र त्या एका शब्दात आले. तपासणी जिभेने, निकाल तत्काळ, अंमलबजावणी मोरीत! पुढे ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी गल्लीत आली की तेच पातेले सर्वांआधी कल्हईवाल्याच्या भट्टीपुढे जाई.

पाण्याची परीक्षाही आपण अशीच जिभेने आणि डोळ्यांनी करीत आलो. पाणी गोड असते, खारे असते, मचूळ असते. नितळ असते, गढूळ असते. डाळ शिजू देत नाही ते जड, आणि चार घास जास्त जेवू घालते ते हलके. इतकी विशेषणे आपल्या आज्यांनी पाण्याला बहाल केली, ती काही काव्य करण्यासाठी नव्हे. घरातल्या दहा माणसांच्या पोटाची जबाबदारी त्यांच्यावर होती.

पण शिसे, पारा, कॅडमियम आणि आपला जुना सोमल, म्हणजे आर्सेनिक, या मंडळींसाठी या शब्दसंग्रहात एकही विशेषण नाही. (आर्सेनिक हा काटेकोरपणे धातू नव्हे, पण विषाच्या पंगतीत त्याचे पान धातूंच्या शेजारीच मांडतात.) कारण उघड आहे. घातक ठरण्याइतके शिसे पाण्यात असले तरी ते पाणी नितळच दिसते आणि गोडच लागते. तांब्या-पितळेची चुगली जीभ करते. शिशाची करीत नाही. आणि जिभेने ज्याची दखल घेतली नाही त्याला भाषेनेही नाव दिले नाही. नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार घेऊन माणूस कचेरीत गेला, की टेबलापलीकडचा कारकून विचारतो, “म्हणजे पाण्याला नेमके होते काय?” यावर त्या बिचाऱ्याने सांगावे काय?

दिवाळीच्या अंकात, चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी हा विषाचा विषय मराठीच्या मास्तराने का काढावा, असे वाचक म्हणतील. त्याला कारण माझ्या वर्गातला एक प्रश्न. पालघर-बोईसरकडच्या ज्या भागात मी मराठी शिकवतो, तेथे ‘जड पाणी’ या शब्दाला एक सोडून तीन अर्थ आहेत. पहिला वर सांगितला तो, स्वयंपाकघरातला. दुसरा तारापूरच्या अणुवीज केंद्रातला. देशातले पहिले अणुवीज केंद्र येथे १९६९ मध्ये सुरू झाले. २००५-०६ मध्ये तेथे ज्या दोन नव्या अणुभट्ट्या आल्या त्या शास्त्रीय अर्थाच्या ‘जड पाण्या’वर चालतात. आणि तिसरा अर्थ लोकांनीच बनवला आहे. तो म्हणजे ज्यात जड धातू आहेत, किंवा असल्याची भीती आहे, ते पाणी.

या तिसऱ्या अर्थाचा उगम अणुवीज केंद्रात नाही, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. रसायने, औषधे, रंगांचे कच्चे घटक, कापड, पोलाद अशा नाना तऱ्हांचे कारखाने येथे दाटीवाटीने उभे आहेत. त्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध करून नळाने नवापूरच्या समुद्रात सोडावयाचे, अशी योजना आहे. योजना आणि व्यवहार यांत अंतर पडले ते इतके, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांच्या हवा-पाणी-जमिनीला गुण दिले तेव्हा तारापूरचा पहिला नंबर आला. शंभरपैकी ९३.६९! हे गुण प्रदूषणाचे असल्यामुळे पेढे कोणी वाटले नाहीत. त्याआधीच, २०१६ मध्ये, या किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दारात गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये सविस्तर निकाल लागला आणि कारखान्यांवर व सामाईक केंद्रावर नुकसानभरपाई बसवण्यात आली. अर्ज ते निकाल, सहा वर्षे.

घिवली हे याच किनाऱ्यावरचे, अणुवीज केंद्राच्या शेजारचे मासेमारीचे गाव. अशा गावांतली मुले-मुली आमच्या वर्गात बसतात. वर्तमानपत्रातल्या एका उताऱ्याचे सारांशलेखन चालले असता तिकडच्याच एका मुलीने हात वर केला. “सर, जड धातू म्हणजे जड असतात ना? मग ते तळाशी बसत असतील. वरचं वरचं पाणी घेतलं तर चालेल का?”

शब्दाचा अर्थ सांगणे हा माझा धंदा. आणि येथे शब्दानेच तिला फसवले होते. तिची आई हंड्यातले पाणी निवळू देते आणि वरचे ओतून घेते. गढूळ पाण्याच्या बाबतीत ती युक्ती शंभर नंबरी आहे. पण विरघळलेले शिसे चहातल्या साखरेसारखे असते. ते वरच्या घोटातही तेवढेच आणि तळच्या घोटातही तेवढेच. ‘जड’ हे त्या धातूच्या जातीचे नाव; पाण्यात त्याने खाली बसलेच पाहिजे असे त्याच्यावर बंधन नाही. हे ऐकून तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मग कळायचं कसं?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचलो, परंतु प्रश्न वाचला नाही. तो घेऊन मी आमच्या रसायनाच्या प्राध्यापक मित्रांच्या खोलीत ठाण मांडले. तेथे जे पदरात पडले ते आज वाचकांच्या पुढ्यात मांडतो.

प्रथम शोधावयाचे किती, ते पाहू. भारतीय मानक ब्यूरोने २०१२ मध्ये पिण्याच्या पाण्याचे जे मानक ठरवले त्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम, याहून जास्त चालत नाही. पाऱ्याची ही मर्यादा म्हणजे एक अब्ज भाग पाण्यात एक भाग पारा. अब्ज म्हटले की आपले डोके गरगरते, म्हणून टँकर डोळ्यांपुढे आणा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये दहा मिलिग्रॅम पारा विरघळला की मर्यादा भरली. आणि दहा मिलिग्रॅम पारा म्हणजे केवढा? मोहरीच्या दाण्याएवढा एक मणी. फोडणीत टाकतो त्यातला एक दाणा, संपूर्ण टँकरमध्ये, आणि तोही विरघळलेला! हा दाणा हुडकून काढावयाचा आहे.

तो हुडकण्याची जुनी रीत दिवाळीला शोभेल अशीच आहे. भुईनळ्यातून आणि आकाशबाणांतून जे रंग उसळतात ते सारे धातूंचे. तांबडा स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. भाताचे खारट पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत एकदम पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. प्रत्येक धातूची ज्योतीतली सही ठरलेली. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खोफ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी ड्युर्कहाइम गावच्या झऱ्याचे पाणी आटवून ज्योतीत धरले, तेव्हा तिच्या प्रकाशात दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. तोवर कोणालाच ठाऊक नसलेला सीझियम हा धातू असा पाण्याच्या थेंबातून उजेडात आला.

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श याने हीच कल्पना उलटी करून मोजमापाचे यंत्र बनवले. ज्योतीतला धातू किती प्रकाश बाहेर टाकतो हे बघण्याऐवजी तो किती प्रकाश गिळतो हे त्याने मोजले. आजच्या प्रयोगशाळांतली यंत्रे या घराण्यातली किंवा त्याहूनही तीक्ष्ण आहेत. अब्जातला एक भाग त्यांना सहज दिसतो. त्यांच्या अचूकपणाबद्दल तक्रार करण्यास जागा नाही.

तक्रार आहे ती अंतराची. यंत्राची किंमत लाखांत, त्याला लागणारा वायू शुद्ध, चालवणारा माणूस शिकलेला आणि खोली थंड. सबब यंत्र गावाकडे येत नाही, गावाच्या पाण्याने यंत्राकडे जावयाचे. त्यासाठी बाटली आम्लाने धुवायची, पाणी भरल्यावर त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालायचे (नाही तर धातू बाटलीच्याच भिंतीला चिकटून बसतो आणि पाणी निर्दोष सुटते), चिठ्ठी डकवायची, प्रवास घडवायचा, रांगेत ठेवायची. मग अहवाल येतो. त्यात दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात. मात्र ते आकडे त्या दिवशीच्या त्या बाटलीचे असतात. त्यानंतर विहिरीत, खाडीत, नळात किती पाणी येऊन गेले! चोर रात्री येतो आणि पहारेकरी सहा महिन्यांतून एकदा, दुपारी बाराला, अशातला हा प्रकार होतो.

येथे सोने मदतीला आले आहे. दागिन्यातले नव्हे, तर इतके बारीक की ते पिवळे दिसतच नाही. १८५७ साली, आपल्याकडे उठावाचा वणवा पेटला त्याच वर्षी, लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने आपल्या सोन्याच्या प्रयोगांवर व्याख्यान दिले. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्यातून त्याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण मोकळे केले होते. पाण्याला रंग आला तो माणकासारखा तांबडा. त्याच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. एखाद्या खोडकर मुलासारखा चौकस असलेल्या या माणसाने त्या तांबड्या पाण्यात मीठही टाकून पाहिले, आणि तांबडे पाणी निळे झाले. हे मीठ वाचकांनी लक्षात ठेवावे; त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

तांबडे का आणि निळे का? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. पाण्याच्या तपासणीत वापरतात त्या सोन्याच्या कणाची जाडी बहुधा १३ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे सहा हजार कण ओळीने बसतील. एवढ्या लहान कणातले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या ठेक्यावर डोलतात आणि तो प्रकाश गिळून टाकतात. हिरवा गेला की उरलेला प्रकाश आपल्याला तांबडा दिसतो. हे कण एकमेकांपासून दूर असतील तोवर असे. ते एकमेकांना खेटले की ठेका बदलतो, गिळण्याचा रंग बदलतो आणि पाणी जांभळे, मग निळे दिसू लागते.

कणांना दूर ठेवतो तो सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आंबटपणात जे आम्ल असते त्याचा क्षार. प्रत्येक कणावर तो सारख्याच विद्युत्भाराचे पांघरूण घालतो, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. सोवळ्यातल्या पंगतीची कल्पना करावी. प्रत्येकाचा पाट निराळा, मध्ये हातभर अंतर, कोणी कोणाला शिवायचे नाही. पंगत अशी शिस्तीत बसली आहे तोवर रंग तांबडा. आता या पंगतीत असा एक पाहुणा सोडायचा की तो दोन शेजाऱ्यांचे हात धरून त्यांना जवळ ओढील. दोघे, चौघे, दहा जण खेटले, पंगत मोडली, रंग निळा! हा पाहुणा म्हणजे आपल्याला हवा तो धातू.

पण पाहुणा नेमका कोणता, हे कसे ठरवायचे? पारा आला तरच पंगत मोडावी, इतरांना तिने भीक घालू नये, अशी व्यवस्था हवी. ती शास्त्रज्ञांनी जीवसृष्टीतून उसनी आणली. आपल्या शरीराची वंशावळ ज्या डीएनएच्या धाग्यांवर लिहिलेली असते, त्याच्या चार अक्षरांपैकी एक आहे थायमिन. दोन थायमिन समोरासमोर आले तर एरवी त्यांचे जुळत नाही. पण मध्ये पारा आला की तो दोघांना घट्ट जोडतो. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांना असे धागे लावून २००७ मध्ये पाऱ्याची परीक्षा करून दाखवली. शिशाची तऱ्हा उलटी. इलिनॉय विद्यापीठातल्या यी लू यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये अशी रचना केली की कण आधीच धाग्यांनी बांधलेले, म्हणून निळे. शिसे आले की ते कातरीसारखे धागा कापण्यास मदत करते, कण सुटतात आणि पाणी तांबडे होते. म्हणजे एका परीक्षेत निळा रंग धोक्याचा, दुसरीत तांबडा. पेटीवरची सूचना मराठीत आणि ठळक अक्षरांत का असली पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

यातली घरची गोष्टही सांगितली पाहिजे. सोन्याचे कण बनवण्यास नेहमी रसायनेच लागतात असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाची पाने उकळून त्या अर्कात सोन्याचा क्षार घातला, तेव्हा सोन्याचे चिमुकले त्रिकोण तयार झाले. २००४ मध्ये हे काम जगापुढे आले. आपण ज्या काढ्याने सर्दी घालवतो त्याने सोनेही घडते, हे वाचून आमच्या घरी गवती चहाच्या कुंडीला एकदम मान आला. आणि खर्चाची भीती बाळगू नका. एका परीक्षेला जेवढे सोने लागते तेवढ्यात मुंगीच्या नाकातली चमकीसुद्धा व्हायची नाही.

सोन्याचा कस आजवर दगडावर लागत आला. सराफाच्या काळ्या कसोटीवर रेघ ओढली की खरेखोटे कळे. आता पाण्याचा कस सोन्यावर लागतो आहे. आणि तो वाचण्यास ना वीज लागते, ना यंत्र, ना पदवी. दोन डोळे पुरतात. जिभेला जे जमत नव्हते ते या तांबड्या पाण्याने डोळ्यांच्या स्वाधीन केले.

येथेच लेख संपवला असता तर फार गोड झाले असते. पण त्या मुलीचे गाव समुद्राकाठी आहे, आणि फॅरडेचे मीठ आपण विसरलेलो नाही. मिठाने सायट्रेटचे पांघरूण निकामी होते आणि कण आपापसांत खेटतात. धातू असो वा नसो, पाणी खारट असले की रंग निळा! किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, हे कोकणातल्या कोणालाही सांगावयास नको. तेव्हा पुण्या-मुंबईच्या गोड्या पाण्यावर तयार केलेली साधी परीक्षा जशीच्या तशी किनाऱ्यावर नेली, तर ती मे महिन्यात घरोघर विषाची आरोळी ठोकील. लोक घाबरतील, चार दिवसांनी खरे कळले की हसतील, आणि पुढे खरोखर पारा आला तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. लांडगा आला रे, ही गोष्ट आपण पहिलीपासून शिकवतो.

यावर उपाय आहेत. कणांना मिठाला दाद न देणारे दाट पांघरूण घालता येते. त्याच पाण्याच्या दुसऱ्या थेंबावर, धातू पकडणारे धागे नसलेले कण शेजारी ठेवून दोन्हींचा रंग ताडून पाहता येतो; दोन्ही निळे झाले तर चोर मीठ, एकच झाला तर चोर धातू. दुसरी अडचण तीक्ष्णतेची. मर्किन यांच्या २००७ च्या परीक्षेला अब्जात वीस भागांच्या आसपास पारा दिसत होता, आणि आपली मर्यादा तर अब्जात एक. म्हणजे मर्यादेच्या दहापट पारा असला तरी त्या परीक्षेने ‘सर्व ठीक’ म्हटले असते. त्यानंतरच्या वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी ही दृष्टी पुष्कळ तेज केली. पण दुकानात जाऊन पेटी विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ही कितीपासून पुढचे बघते? निळा रंग हा संशय आहे, पुरावा नव्हे. संशय आला की बाटली भरून मोठ्या यंत्राकडे पाठवायची. रोजचा पहारा सोन्याने करावा, न्यायनिवाडा यंत्राने.

आता खरा मुद्दा. परीक्षा असून भागत नाही; ती कोणाच्या हातात आहे, याला महत्त्व आहे. जपानमध्ये मिनामाता नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथल्या मांजरी वेड्यावाकड्या नाचत समुद्रात पडून मरू लागल्या, मग माणसांचे हातपाय लटपटू लागले, बोबडी वळू लागली. १९५६ च्या मे महिन्यात या रोगाची अधिकृत नोंद झाली. चिसो कंपनीच्या कारखान्यातून उपसागरात येणारा पारा माशांत साठत होता आणि माशांतून माणसांत. कंपनीच्याच रुग्णालयातल्या डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले. १९५९ मध्ये चारशे क्रमांकाच्या मांजराला तोच रोग जडला. म्हणजे परीक्षा झाली, निकालही लागला! परंतु तो निकाल कंपनीच्या कपाटात राहिला. जपान सरकारने कारखान्याचे नाव घेऊन कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. आणि त्या मांजराची हकिकत होसोकावांनी १९७० मध्ये मरणशय्येवरून साक्षीत सांगितली. मधल्या वर्षांत गावातली पोरेबाळे मासे खातच होती. त्यांच्या हातात पंगत मोडणारे सोने असते तर?

घिवलीचे पाणी मिनामातासारखे आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा किंवा न म्हणण्याचा अधिकार तपासणीचा. पण तपासणी कोणी करावयाची, किती वेळा, आणि तिचा कागद कोणाच्या कपाटात राहावयाचा, हे प्रश्न दोन्ही गावांचे एकच आहेत. आणि मुंबईच्या वाचकांनी हे दूरचे समजू नये. पालघरच्या किनाऱ्यावरची पापलेटे नि बोंबील कोणाच्या ताटात येतात?

रंगाची परीक्षा गावाच्या हाती दिली की काय होते, याचा धडा बांगलादेशाने दिला आहे. तेथे जमिनीतलाच सोमल कूपनलिकांच्या पाण्यात उतरला होता. २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका साध्या पेटीने तपासण्यात आल्या. कागदाच्या तुकड्यावर पिवळा-तपकिरी डाग पडतो का, एवढेच बघायचे. सोमल निघाला तो पंप तांबडा रंगवला, नाही तो हिरवा. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईलाही कळे की कोठे हंडा लावावा. कितीएक कुटुंबे शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर पाणी भरू लागली. पण जेथे सारी आळीच तांबडी निघाली तेथे लोक जाणार कोठे? शिवाय रंग उन्हापावसात उडतो, नवे पंप खोदले जातात, आणि त्यांना रंग देण्यास कोणी येत नाही. परीक्षा एकदाच होऊन चालत नाही, आणि तिच्या पाठोपाठ दुसरे पाणी यावे लागते, हे दोन्ही तेथे कळले.

आपल्याकडे अर्धी वाट बांधून तयार आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याच्या पेटीचे शिक्षण द्यावयाचे ठरले. पेटीत पाण्याचा खारटपणा, कठीणपणा, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन यांच्या परीक्षा असतात. शिसे, पारा, कॅडमियम मात्र मोठ्या प्रयोगशाळेवर सोडलेले असतात. मिठाला न फसणारी आणि मर्यादेपर्यंत दिसणारी सोन्याची परीक्षा या पेटीत आली, तर कळकलेले ताक ओळखणाऱ्या बायकांच्या नातींच्या हातात ती हरवलेली जीभ परत येईल.

तोवर वाचकांनी, शहरातल्याही, चार गोष्टी पदरी बांधाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट वाफ उडून पाणी कमी झाले की उरलेल्यात त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवणे किंवा धोतराच्या चौपदरी कापडातून गाळणे हा त्यांवरचा भरवशाचा उपाय नव्हे. उलट्या परासरणाच्या, म्हणजे ज्याला आपण ‘आरओ’ म्हणतो त्या यंत्राने बरेचसे धातू अडतात, मात्र पडदा वेळेवर बदलला तर. आणि विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेत देताना “पिण्यायोग्य आहे का बघा” एवढे मोघम सांगू नये. त्या साध्या तपासणीत धातू असतीलच असे नाही. “शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक आणि क्रोमियम यांची तपासणी हवी,” असे नावे घेऊन, लेखी मागावे, आणि अहवालाची प्रत आपल्या घरी ठेवावी.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. तिने वहीचे मधले पान काढून त्यावर पट्टीने रेघा मारल्या. तारीख, विहीर की नळ, पाऊस होता का, रंग, तपासणाराची सही. पाच रकाने. “पेटी येईल तेव्हा येईल,” ती म्हणाली, “तोपर्यंत वास, रंग आणि मेलेले मासे लिहून ठेवू.” मराठीच्या तासाला असा सारांश आजवर कोणी लिहिला नव्हता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, तो तक्ता लागावा. आणि दर महिन्याला त्यावर नवी सही पडावी.